डाग खाली, गळती वर

गाडीखाली दिसणाऱ्या तेलाच्या डागाविषयी बरेच प्रश्न आले आहेत. विषय एकच असल्यामुळे या वेळी ते सगळे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल हॅचबॅक अकरा वर्षांची आहे. रोज सकाळी फरशीवर रुपयाएवढे दोन-तीन काळे डाग दिसतात. एका गॅरेजमध्ये सांगितलं, "क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." दुसरीकडे म्हणाले, "ऑइल टाकत राहा, काही होत नाही." कोणाचं ऐकू? – एक वाचक, सातारा

उत्तर : सध्या दोघांचंही ऐकू नका. आधी इंजिन बाहेरून स्वच्छ करून घ्या आणि तेल नेमकं कुठून निघतंय ते डोळ्यांनी पाहा. त्याआधी पाना लावला तर खर्च अंदाजावर होईल.

तेल एका जागी सुटतं आणि थेंब दुसऱ्याच जागी पडतो. ते इंजिनाच्या अंगावरून खाली ओघळतं आणि गाडी चालू असताना समोरचा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून थेंब सगळ्यांत खालच्या, बहुधा मागच्या टोकाला दिसतो, तर मूळ त्याच्या वर आणि पुढे असतं. गळती शोधण्याचा नियम यातूनच निघतो : ओली असलेली सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत पुढची जागा शोधा.

तुमच्या बाबतीत एक शक्यता आवर्जून तपासण्यासारखी आहे. इंजिनाच्या माथ्यावर टॅपेट कव्हर असतं आणि त्याखाली रबराचं पॅकिंग. हे पॅकिंग गिअरबॉक्सच्या बाजूच्या कोपऱ्यात सुटलं, तर तेल ओघळत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यावर येतं आणि तिथून टपकतं. खालून पाहणाऱ्याला ते क्रँकचं मागचं सील गेल्यासारखंच दिसतं. टॅपेट कव्हरचं काम तासा-दोन तासांचं असतं. मागच्या सीलसाठी मात्र अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. निदान चुकलं तर तुम्ही हजारो रुपये मजुरी द्याल आणि डाग तसाच राहील.

शोध असा घ्या. इंजिन थंड असताना डिग्रीझर आणि ब्रशने तेलकट भाग धुऊन घ्या. अल्टरनेटर, वायरिंगचे कनेक्टर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकने झाका, आणि पाण्याचा जोरदार फवारा तिथे मारू देऊ नका. इंजिन पूर्ण वाळलं की वीस-तीस किलोमीटर गाडी चालवा. मग बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात वरून खाली पाहत या : आधी तेल भरायचं झाकण, मग टॅपेट कव्हरची कड, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल फिल्टर, तळाच्या तेलाच्या चेंबरची कड आणि शेवटी ड्रेन बोल्ट. कव्हरची मागची कड डोळ्यांना दिसत नसेल तर छोटा आरसा धरा किंवा मोबाइलने फोटो काढा.

एवढं करूनही कळलं नाही तर कोरड्या, थंड इंजिनावर संशयाच्या जागी टाल्कम पावडरचा पातळ थर द्या आणि थोडी फेरी मारून या. पांढऱ्या थरावर तेलाची काळपट रेघ उमटते आणि तिचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. गळती अगदी बारीक असेल तर गॅरेजमध्ये तेलात चमकणारा रंग घालतात आणि अतिनील टॉर्चखाली पाहतात. तेल सुटतं तिथे हिरवट-पिवळी चमक दिसते.

वरचं सगळं कोरडं आहे, फक्त गिअरबॉक्सचा सांधा आतून ओला होतोय, कदाचित सोबत क्लचही घसरायला लागलाय, अशी लक्षणं दिसली तर मागच्या सीलचं निदान मान्य करा. तेव्हाही क्लच प्लेट किती झिजली आहे ते विचारा. गिअरबॉक्स एकदा खाली आला की दोन्ही कामांची मजुरी एकच पडते. गळती थोडी असेल आणि क्लच वर्षभरात बदलावाच लागणार असेल, तर तेलाची पातळी सांभाळत तोवर थांबणं शहाणपणाचं.

प्रश्न : डाग इंजिन ऑइलचाच आहे हे कसं ओळखायचं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : रात्री गाडीखाली मोठा पांढरा पुठ्ठा अंथरा आणि त्यावर चारही चाकांच्या जागा पेनने आखून ठेवा. सकाळी द्रव कुठे पडलाय आणि त्याचा रंग कोणता, हे दोन्ही कळतं.

इंजिन ऑइल नवं असताना मधाच्या रंगाचं असतं, वापरून तपकिरी-काळं होतं. गिअर ऑइल जास्त दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं आणि जुन्या पॉवर स्टिअरिंगचं तेल बहुधा लाल असतं. कूलंट हिरवा, गुलाबी किंवा निळा असतो आणि त्याचा वास गोडसर येतो. तो विषारी आहे. तोंडाशी नेऊ नका, आणि लहान मुलं किंवा कुत्री-मांजरं त्याच्याजवळ जाणार नाहीत याची काळजी घ्या. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर, पातळ द्रव दिसला तर तो ब्रेक ऑइल असू शकतो. अशा वेळी गाडी चालवूच नका, मेकॅनिकला घरी बोलवा. उन्हाळ्यात एसी लावून आल्यावर पडणारं स्वच्छ पाणी मात्र हवेतल्या बाष्पाचं असतं. त्याची चिंता करायचं कारण नाही.

प्रश्न : थोडी गळती चालवून घेतली तर काय बिघडतं? मर्यादा कुठे आखायची? – एक वाचक, नागपूर

उत्तर : डागाच्या आकारावरून गळतीचा अंदाज बांधू नका. तेलाचा एक थेंब फरशीवर बराच पसरतो. साधारण वीस ते चाळीस थेंब मिळून एक मिलिलिटर होतं. रोज रात्री दहा थेंब पडले तरी महिन्याला ते आठ ते पंधरा मिलिलिटरच भरतात. छोट्या पेट्रोल गाडीत तीन लिटरच्या आसपास तेल असतं, त्यामुळे उभ्या गाडीखालच्या एवढ्या गळतीने इंजिन कोरडं पडत नाही. पण काही गळत्या इंजिन चालू असतानाच वाढतात, कारण तेव्हा आतलं तेल दाबाखाली आणि पातळ झालेलं असतं. म्हणून फरशीपेक्षा डिपस्टिकवर विश्वास ठेवा.

डिपस्टिक सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबल्यावर पाहा. पुसून पुन्हा आत घाला आणि मग वाचा. बहुतेक छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत एक लिटर किंवा त्याहून थोडं कमी अंतर असतं. दर आठवड्याला किलोमीटर आणि पातळी वहीत लिहा. महिनाभरात गळतीचा वेग समोर येतो.

डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत तेलाचा दाब दाखवतो, पातळी नव्हे. तो लागतो तेव्हा बेअरिंगांपर्यंत तेल पोचणं कमी झालेलं असतं. आंबेनळीसारख्या घाटात चढावर आणि वळणांवर चेंबरमधलं तेल एका बाजूला कलतं. पातळी आधीच कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि दिवा लुकलुकतो. तो दिसताक्षणी सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणून चालवलेले दोन किलोमीटर अख्ख्या इंजिनाच्या कामात पडू शकतात.

चार गोष्टी दिसल्या तर मात्र गळती अजिबात चालवून घेऊ नका. पहिली, तेल एक्झॉस्टवर पडून जळका वास किंवा धूर येणं. इंजिन ऑइल साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे पेट घेण्याजोगी वाफ देतं, आणि जोरात चाललेल्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. दुसरी, तेल टायमिंग बेल्टवर येणं. जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत रबराचा बेल्ट असतो आणि तेलाने तो लवकर खराब होतो. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. तिसरी, कूलंटच्या टाकीत किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिखल दिसणं आणि सोबत कूलंट कमी होणं. इथे हेड गॅसकेटचा संशय येतो. चौथी, पातळी झपाट्याने उतरणं.

आणि गळती फक्त आपल्या खिशाची बाब नाही. पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेलं तेल पाण्यावर पसरतं आणि दुचाकीवाले त्यावरून घसरतात. आपल्या गाडीचं तेल त्यात भर घालू नये, म्हणूनही दुरुस्ती वेळेवर करायला हवी.

प्रश्न : टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, मग पुढचं क्रँक सील बदललं. दोन महिन्यांत दोन्हीकडून पुन्हा तेल यायला लागलं. पार्ट खराब होते का? – एक वाचक, पणजी

उत्तर : एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून तेल येत असेल तर सीलला दोष देण्याआधी इंजिनाचा ब्रीदर तपासा. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरच्या पोकळीत उतरतो. तो बाहेर जाण्यासाठी पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि एक नळी असते. तिच्यातून हा वायू पुन्हा इंजिनात ओढला जाऊन जळतो. ही वाट काजळीने आणि चिकट तेलाने बंद झाली की आतला दाब वाढतो. शिट्टी तुंबलेल्या कुकरची वाफ जशी झाकणाच्या कडेने वाट काढते, तसं तेल मग जिथे जागा मिळेल तिथून बाहेर पडतं. नवं सीलही त्यापुढे टिकत नाही.

तपासणी सोपी आहे. पेट्रोल इंजिन आयडलवर असताना तेल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लॅस्टिक किंवा रबरी हातमोजा ठेवा. निरोगी इंजिनात तो हलका आत ओढला जातो. फुगून वर उडत असेल तर दाब साचतोय. अशा वेळी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून साफ करा किंवा बदला आणि नळी भेगाळलेली किंवा तुंबलेली नाही ना ते पाहा. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह काही शे रुपयांत मिळतो. काही गाड्यांत तो टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो, तिथे खर्च वाढतो.

व्हॉल्व्ह बदलूनही झाकणातून भकाभक वायू येत असेल, एक्झॉस्टमधून निळसर धूर निघत असेल, तर मेकॅनिक ज्याला "बॅक कॉम्प्रेशन" म्हणतात ते झालंय. रिंगा झिजल्या आहेत. मग सील बदलत राहण्यात पैसे घालू नका. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या आणि आकडे पाहून ठरवा.

आणखी एक साधं कारण तपासा. सर्व्हिसिंगमध्ये तेल वरच्या खुणेच्या वर भरलंय का? जास्तीचं तेल क्रँकच्या फिरण्याने घुसळलं जातं, त्याचा फेस होतो आणि सीलवर ताण येतो. ते काढून पातळी नीट करायला काहीच खर्च येत नाही.

प्रश्न : क्रँक इतक्या वेगाने फिरत असताना रबराची एक कड तेल अडवते तरी कशी? आणि वय झालं की ती का हार मानते? – एक वाचक, इंदूर

उत्तर : या सीलची रचना फार सुंदर आहे. धातूच्या कड्यात रबराची पातळ ओठासारखी कड बसवलेली असते. बऱ्याच सीलमध्ये त्या कडेमागे बारीक स्प्रिंगचं वळं असतं आणि ते तिला शाफ्टवर हलकं दाबून धरतं. क्रँकचं मागचं सील जिथे टेकतं तिथला व्यास समजा ८० मिलिमीटर आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतंय, म्हणजे सेकंदाला ५०. तिथला पृष्ठभाग रबराखालून सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने सरकतो. गाडी चालू आहे तोवर हे घासणं थांबत नाही.

तरी रबर जळत नाही, कारण कडेखाली तेलाचा अतिशय पातळ थर असतो. रबर त्या थरावर तरंगतं. कडेचे दोन्ही उतार वेगवेगळ्या कोनात कापलेले असतात, त्यामुळे फिरणारा शाफ्ट या थरातलं तेल सतत आतल्या बाजूला ढकलत राहतो. चांगलं सील तेल अडवतं आणि निसटू पाहणारं तेल परत इंजिनात पाठवतं.

वय होतं ते उष्णतेमुळे. इंजिन ऑइल नेहमीच्या चालण्यात साधारण ९० ते ११० अंशांपर्यंत तापतं. नायट्राइल रबराला दीर्घकाळ सोसणारं तापमान याच्या जवळपासच संपतं, तर व्हिटॉन प्रकारचं रबर २०० अंशांपर्यंत टिकतं. म्हणून एकाच मापाच्या दोन सीलच्या किमतीत फरक असतो. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन रबर कडक होतं, दाबलेल्या आकारातच राहतं आणि पुन्हा फुलून फट भरत नाही. टॅपेट कव्हरचं जुनं पॅकिंग हातात घेतलं तर ते वाकवताना कडकन मोडतं. गाडी जास्त दिवस उभी राहिली तरी सीलची कड कोरडी पडते, म्हणून कमी वापरलेल्या गाड्याही गळतात.

जुन्या फियाटच्या टॅपेट कव्हरला कॉर्कचं पॅकिंग असे. कॉर्क वाळून आकसतो, त्यामुळे बोल्ट पुन्हा पुन्हा आवळणं हा तेव्हाच्या देखभालीचा भाग होता. आजच्या रबरी पॅकिंगला तीच सवय लावली तर नुकसान होतं. जास्त आवळल्याने रबर चिरतं, पत्र्याचं कव्हर वाकतं आणि प्लॅस्टिकचं तडकतं.

प्रश्न : हात राखून खर्च करायचाय. कोणती कामं स्वस्तात होतात, आणि घरी काय करता येईल? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुतेक गळत्यांत पार्ट स्वस्त असतो, खर्च होतो तिथे पोचण्याचा. म्हणून कामं मजुरीच्या चढत्या क्रमाने लावा.

सगळ्यांत स्वस्त काम ड्रेन बोल्टच्या वॉशरचं. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा हा वॉशर एकदा दाबला गेला की त्याचं काम झालं. प्रत्येक ऑइल बदलाला नवा घाला, तो काही रुपयांतच मिळतो. जुना ठेवून बोल्ट जोरात आवळला तर ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात आणि मग नवे आटे पाडून घेण्याचा खर्च येतो. तेल भरायच्या झाकणाची रबरी रिंगही अशीच स्वस्त.

ऑइल फिल्टरभोवती तेल असेल तर दोन गोष्टी पाहा : फिल्टर सैल आहे का, आणि जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आहे का. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर तेल दाबाने उसळून बाहेर येतं. नवा फिल्टर बसवताना त्याच्या रिंगला बोटाने तेल लावा. रिंग टेकली की हातानेच साधारण पाऊण फेरा फिरवा. पान्याने आवळू नका.

ऑइल प्रेशर स्विच हाही नेहमीचा गुन्हेगार. त्याच्या वायरच्या टोकातूनच तेल झिरपतं. स्विच आटे फिरवून निघतो, बदलायला वेळ लागत नाही आणि बहुतेक छोट्या गाड्यांत काही शे रुपयांत काम होतं.

त्यानंतर टॅपेट कव्हर. सोबत स्पार्क प्लगच्या विहिरींची सीलंही बदला. ती गेली की प्लगभोवती तेल साचतं आणि गाडी झटके देते. कव्हर काढल्यावर दोन्ही पृष्ठभाग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर चरे पडतात. खाच पूर्ण कोरडी करा. रबरी पॅकिंगला सगळीकडे सिलिकॉन फासायचं नसतं. फक्त जिथे दोन भागांचा सांधा येतो, त्या कोपऱ्यांत गाडीच्या वर्कशॉप पुस्तिकेत सांगितलं असेल तेवढंच. जास्तीचं सिलिकॉन आत सुटतं आणि त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतात. बोल्ट मधून बाहेर, आलटूनपालटून, दोन टप्प्यांत आवळा. हे छोटे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात, पण तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेतून घ्या आणि टॉर्क पाना वापरा. स्वतःकडे नसेल तर ज्या गॅरेजमध्ये तो आहे तिथेच हे काम द्या.

क्रँकचं पुढचं सील आणि कॅमचं सील टायमिंग बेल्टच्या मागे असतात. बेल्ट बदलायची वेळ जवळ आली असेल तर सगळं एकाच वेळी करा. अनेक नव्या छोट्या इंजिनांत बेल्टऐवजी तेलातच फिरणारी साखळी असते. तिथे कव्हरचा सांधा सिलिकॉनने जोडलेला असतो आणि काम जास्त वेळखाऊ होतं. सगळ्यांत महाग मागचं सील. ते बदलताना शाफ्टवर जुन्या सीलने खाच पाडली आहे का पाहायला सांगा. असेल तर नवं सील मिलिमीटरभर वेगळ्या खोलीवर बसवता येतं किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवता येते. त्याने क्रँकचा खर्च वाचतो.

घरी तुम्ही धुणं, पाहणं, पुठ्ठा अंथरणं, फिल्टर आणि वरून हात पोचेल अशी कामं करू शकता. गाडी फक्त जॅकवर असताना तिच्याखाली कधीही शिरू नका. पक्के स्टँड लावा, चाकांना आड द्या. वापरलेलं तेल कातडीला वारंवार लागणं घातक आहे, म्हणून हातमोजे घाला. गाडी वॉरंटीत असेल तर काहीही न उघडता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या.

प्रश्न : गळती थांबवणारं द्रव्य बाटलीत मिळतं. किंवा घट्ट ऑइल टाकलं तर? – एक वाचक, पुणे

उत्तर : त्या बाटलीत बहुधा रबर फुगवणारं रसायन असतं. सील फक्त कडक झालं असेल तर ते थोडं मऊ होऊन काही महिने गळती कमी होऊ शकते. सील फाटलं असेल, पॅकिंग तुटलं असेल किंवा बोल्ट सैल असेल तर काहीच फरक पडत नाही. शिवाय हे रसायन चांगल्या सीललाही फुगवतं. गिअरबॉक्स उतरवणं परवडत नाही आणि गळती मागच्याच सीलची आहे हे पक्कं झालंय, अशा वेळी एकदा वापरून पाहायला हरकत नाही. निदान करण्याआधी मात्र नको. जास्त चाललेल्या गाड्यांसाठीच्या ऑइलमध्ये सील मऊ ठेवणारे घटक असतात. पुढच्या ऑइल बदलाला तुमच्याच ग्रेडमधलं ते निवडणं हा सौम्य मार्ग आहे.

५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० टाकू नका. थंड सुरुवातीला घट्ट तेल वरच्या भागांत उशिरा पोचतं, आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या व्हॉल्व्ह टायमिंगच्या यंत्रणेवरही परिणाम होतो. थेंब कमी होतील, पण झीज वाढेल.

प्रश्न : कोकणात जाताना चेंबर दगडावर आपटला आणि तेल गळू लागलं तर रस्त्यात काय करावं? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : इंजिन ताबडतोब बंद करा आणि पुन्हा सुरू करून पाहू नका. गाडी टो करून न्या. छिद्र बारीक असेल, तेल त्याच्या पातळीखाली उतरलं असेल आणि जागा पूर्ण पुसून कोरडी करता येत असेल, तर एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी लावून ती घट्ट झाल्यावर तेल भरून गॅरेजपर्यंत हळू जाता येतं. हा उपाय तेवढ्यापुरताच. पत्र्याचा चेंबर काढून, धुऊन, वेल्ड करून घेता येतो. ॲल्युमिनियमचा तडकला असेल तर बदलणं बरं. आत तेल ओढणारी जाळी वाकली नाही ना, हे आवर्जून पाहायला सांगा.

विम्याच्या दृष्टीनेही इंजिन बंद ठेवणं महत्त्वाचं आहे. आपटल्याने फुटलेला चेंबर ही अपघाती हानी असते. पण तेल गेल्यावरही गाडी चालवून इंजिन जाम झालं, तर ते परिणामी नुकसान ठरतं आणि नेहमीच्या पॉलिसीत वगळलेलं असतं. आपटल्याच्या जागीच फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा.

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमधला डाग कसा काढायचा, आणि काढलेलं जुनं तेल कुठे द्यायचं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताज्या डागावर लाकडाचा भुसा टाका, तेल शोषलं जाऊ द्या, झाडून पिशवीत भरा. मग कपडे धुण्याची पावडर आणि कडक ब्रशने घासा. तेल पाण्याने गटारात लोटू नका. वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं. ते नाल्यात, जमिनीवर किंवा कचऱ्यात टाकू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना तेल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्या. फिल्टरही उलटा करून निथळून त्यांच्याकडेच द्या.

प्रश्न : मला यंत्रातलं फारसं कळत नाही. गॅरेजमध्ये नेमकं काय विचारू? – एक वाचिका, नाशिक

उत्तर : मेकॅनिकशी बोलायला यंत्रशास्त्र यावं लागत नाही, चार प्रश्न पुरेत. "तेल कुठून निघतंय ते मला दाखवाल का?" हा पहिला. चांगला मेकॅनिक रॅम्पवर घेऊन टॉर्च मारून दाखवतो. "त्याच्या वरची जागा कोरडी आहे का?" हा दुसरा, आणि याच एका प्रश्नाने बहुतेक चुकीची निदानं उघडी पडतात. "ब्रीदर पाहिला का?" हा तिसरा. "पार्ट किती, मजुरी किती, आणि हे उघडल्यावर अजून काय त्याच मजुरीत बदलता येईल?" हा चौथा. उत्तरं कागदावर लिहून घ्या. सील आणि पॅकिंग कंपनीचं किंवा नावाजलेल्या उत्पादकाचं मागा, बदललेला जुना पार्ट परत घ्या.

काम झाल्यावर इंजिन पुन्हा धुऊन द्यायला सांगा. जुन्या तेलाचे ओघळ राहिले तर नवी गळती आणि जुना डाग यांतला फरक कळत नाही. दोन-तीनशे किलोमीटर चालवल्यावर त्याच गॅरेजमध्ये पाच मिनिटं रॅम्पवर घेऊन पाहायला लावा, आणि ही तपासणी काम देतानाच ठरवून ठेवा. जो मेकॅनिक गळती शोधायला तासभर घालवतो, त्याला त्या तासाची मजुरी आनंदाने द्या. गिअरबॉक्स विनाकारण उतरवण्याच्या मानाने ती फार थोडी असते, आणि अशा मेकॅनिकला टिकवून ठेवणं आपल्याच हातात आहे.